साक्रीवालीचा खुंट

यंदा आखाजीच्या आधी आईचा फोन आला. एरवी तिची मागणी ठरलेली असते, गुडघ्याला लावायचं तेल नाहीतर पातळाला फॉल. या वेळी ती म्हणाली, "त्या मशीनवालासले सांगी दे. खुंटले हात नका लावा म्हना."

मी ब्लाउज कापत होते. कात्री खाली ठेवली. म्हटलं, "मी सांगू? मी कोण लागून गेले त्यांची?"

"तू बोलस ते लोके ऐकतस," आई म्हणाली. हे खरं नाही. माझं तोंड फटकळ आहे म्हणून लोक मला टाळतात आणि लांबून बघणाऱ्या आईला वाटतं की ते ऐकतात. पण खुंटाचं नाव काढल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

जळगावात पिंप्राळ्याला माझं शिलाईचं दुकान आहे. माहेर पाचोऱ्यापासून आत, एसटी चुकली की बसा दिवसभर, अशा गावात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि गेलेली माणसंही येतात. लेकींना आमरस आणि सांजोऱ्या. गेलेल्यांसाठी मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, त्यांचं नाव घ्यायचं. आमच्या घरात एक घागर वडिलांची. दुसरी, लहान, एका बाईची, जिचं नाव आईला माहीत नाही.

ही दुसरी घागर आई घरात ठेवत नाही, कडेवर घेऊन तलावात जाते. त्या दिवसांत पाणी पार मागे सरकलेलं असतं. उघड्या पडलेल्या तळात एका जागी मुरमाचा एक खुंट गुडघ्याएवढा वर डोकावतो. त्याच्या डोक्यावर हराळीचा झुबका असतो, उन्हानं पिवळा पडलेला पण जिवंत. आई खुंटावर पाणी ओतते, म्हणते, "पी वं साक्रीवाली, थंड शे," आणि रिकामी घागर घेऊन परत येते. मला कळायला लागल्यापासून हे असंच चालत आलंय. तलाव भरलेला असेल त्या वर्षी काठावर उभी राहून तिकडे बघत ओतते.

आता गावातल्या तलाव समितीनं तलावातला गाळ काढायला घेतला होता. खुंट वाचवायचा तर कोणीतरी बोलायला हवं होतं. आईच्या लेखी ते कोणीतरी म्हणजे मी.

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. सरकारनं काम काढलं, तळातली माती खणायची आणि घमेल्यानं वाहून बांधावर टाकायची. बदल्यात थोडी मजुरी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. मिलोची भाकरी थापली की तुटायची, सुकडी खाल्ली की तोंडाला कोरड पडायची, पण मिळायची हे खरं. पुस्तकात याला दुष्काळ निवारण म्हणतात. इंग्रजांच्या वेळीही हेच होतं. माझ्या आजीची आई धुळ्याकडची, तिला लहानपणी खडी फोडायच्या कॅम्पात नेलं होतं, असं आजी सांगायची. ज्यांना उभंही राहवत नसे त्यांच्यासाठी वेगळा गरीबखाना होता, कुंपण घातलेला, आणि आत गेलेल्याचं नाव घरात पुन्हा कोणी काढत नसे. राज्य बदललं तरी अट तीच राहिली. उपाशी आहेस? मग आधी राबून दाखव. पोटात काही नाही हे पटवायला अंगात ताकद हवी, हा न्याय ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मी एक दिवस रिकाम्या पोटी माझ्या पायमशीनवर बसवीन.

कामावर बायकांच्या जोड्या होत्या. एकीनं खणायचं, दुसरीनं वाहायचं, दमलं की अदलाबदल. आईची जोडीदारीण साक्रीकडून आलेली, नवऱ्याच्या माणसांबरोबर, काम मिळेल तिथे पाल ठोकत. आमच्याकडे बाईला तिच्या गावावरून हाक मारायची पद्धत. आईला सगळं गाव एरंडोलवाली म्हणतं, अगदी वडीलसुद्धा चारचौघांत तेच म्हणायचे. तशी ही साक्रीवाली. दोघींनी एका खड्ड्यात उन्हाळा काढला, एका भाकरीचे दोन तुकडे केले, एकमेकींच्या हाताचे फोड फोडले, आणि नाव विचारायचं दोघींपैकी कोणालाही सुचलं नाही. विचारायची गरजच पडत नसे. हाक मारली की ती वळून बघायची, मग आणखी काय पाहिजे?

खुंटाची भानगड मापाची. किती खणलं त्यावर मजुरी ठरायची. म्हणून खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट न खणता सोडायचा. चहूबाजूंनी माती गेली तरी तो उभा. साहेब यायचा, खुंटाला टेप लावायचा, उंची लिहून घ्यायचा, की झालं माप. मग खुंट पाडून तीही माती वाहायची. म्हणजे आपण राबलो याची एकुलती एक खूण आपणच जपायची आणि आपल्याच हातानं पाडून टाकायची.

मुकादम गावातलाच होता. त्याला सगळे आबा म्हणत. साहेब यायच्या आधी आबा खड्ड्यांवरून एक फेरी मारायचा आणि जाता जाता खुंटाच्या डोक्यावर टाच मारायचा. वरची माती भुसभुशीत, वीतभर ढासळायची. खुंट बुटका झाला की खड्डा उथळ ठरायचा. कापलेलं माप पुढे कोणाच्या पदरात पडायचं ते बायांना दिसायचं नाही, पण पुढच्या वर्षी आबाच्या घरावर कौलांऐवजी स्लॅब पडला ते दिसलं.

साक्रीवालीनं यावर उपाय काढला होता. बांधापलीकडून ती हराळीचा मुळा-मातीसकट वीतभर जाड तुकडा कापून आणायची आणि खुंटाच्या मोडलेल्या डोक्यावर असा बसवायची की वाटावं इथेच उगवलाय. वर गवत म्हणजे जमीन मूळची, साहेबाला शंका नको. आई अजून त्या कसबाचं कौतुक सांगते. "तिनं बसाडेल गवतले बी समजे नही, आपुले हालाडेल शे म्हनीसन." आबानं चोरायचं आणि तिनं ते परत जागेवर ठेवायचं. ही लबाडी असेल तर माझ्या आयुष्यात मी ऐकलेली सगळ्यात प्रामाणिक लबाडी आहे.

एके दिवशी आबानं टाच जरा जोरात मारली. साहेब येऊन म्हणाला, हा खड्डा कमी भरतो, पूर्ण करा मग माप धरू. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाया बाभळीखाली बसल्या. आई म्हणाली, चल सावलीत. साक्रीवालीनं तोवर खुंटावर नवं गवत बसवलं होतं, पण तिचा आता त्यावरही भरवसा उरला नव्हता. "तू बठ," ती म्हणाली, "मी इतलं खंदीसन येस." आई जाऊन बसली. तिकडून टिकावाचा आवाज येत होता, मग थांबला. आईला वाटलं, येतेय. ती आलीच नाही. खड्ड्यात खुंटाला टेकून बसली होती, तशीच होती. उन्हानं गेली, असं सगळे म्हणाले. तिची माणसं आली, तिला घेऊन गेली, त्याच संध्याकाळी पालही उठलं.

जोडी मोडली म्हणून आईला दुसऱ्या खड्ड्यावर घातलं. अर्धवट खड्ड्याचं माप होत नाही, असं आबा म्हणाला. माप नाही म्हणून खुंट पाडायचं कारण नाही. पुढे पाऊस आला, तलाव भरला, खड्ड्यात गाळ बसत गेला आणि खुंट गुडघाभर वर राहिला. हराळी बुडते, कुजल्यासारखी दिसते आणि पाणी हटलं की पुन्हा फुटते. साक्रीवालीनं बसवलेलं ते गवत आजवर तसं फुटत आलं होतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी जळगावहून गाडीनं पाचोऱ्याला उतरले आणि रिक्षा करून थेट तलावावर गेले. बांधावर कमान उभी राहिली होती. तिच्यावर आबाचं नाव, खाली "दुष्काळात गावाला जगवणारे". आता आबा नाही. त्याचा नातू समितीचा अध्यक्ष आहे, सगळे त्याला भाऊ म्हणतात. जेसीबीही भाऊचाच, गाळ काढायचं कामही भाऊलाच. मी मनात भांडण घोळवत गेले होते, रिक्षात दोन-तीन वाक्यं चांगली धार लावून ठेवली होती.

"ताई, या ना," भाऊ म्हणाला. खुर्ची दिली, चहा सांगितला. मी खुंटाचं सांगितलं. आईची इच्छा आहे, म्हातारं माणूस आहे, एवढा एक खुंट सोडा, आजूबाजूचं काय ते खणा. आबाच्या टाचेचं मी काढलं नाही, कारण मला खुंट हवा होता.

"एवढंच ना? सोडू की," तो म्हणाला. "मावशीसाठी एवढं नाही करणार का?" त्यानं तिथल्या तिथे ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, तो गवतवाला खुंट तसाच ठेव, हात लावू नको. भांडायला आलेल्या माणसाचा असा पचका झाला की चहासुद्धा गोड लागतो. मला तो माणूस बरा वाटला, हे मी लपवत नाही.

मग त्यानं मला भिंत दाखवली. कमानीच्या बाजूला लांबलचक भिंत, तिच्यावर सिमेंटची चित्रं उठवलेली आणि रंगवलेली. वर लिहिलंय, "श्रमाला वंदन". घमेली डोक्यावर घेतलेल्या बायका रांगेत चालल्यात, सगळ्या गोऱ्या, सगळ्या हसताहेत, गालांवर मांस. एकीच्या ब्लाउजला फुग्याच्या बाह्या. सगळ्यांच्या साड्या कोऱ्या, काठ न चुरगळलेले. आईनं त्या उन्हाळ्यात एक लुगडं दोन तुकडे करून नेसलं होतं, एक अंगावर, एक वाळत. रांगेच्या शेवटी फेटा बांधलेला आबा हातानं सुकडी वाढतोय.

"कसं वाटलं?" भाऊनं विचारलं.

"या बायका कोणाच्या?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"गावातल्याच होत्या ना? मग त्यांची नावं लिहा खाली. काही म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना विचारा."

भाऊनं आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही बाहेर असता, तुम्हाला नाही कळायचं. लोकांना नाही आवडत. कोणाची आजी दुष्काळी कामावर होती हे भिंतीवर लिहिलं तर उद्या सोयरीक जमवताना निघतं. आम्ही विचारून पाहिलं. कोणी हो म्हणालं नाही."

हे मात्र खोटं नव्हतं. आजूबाजूला मीही विचारलं. एक आजोबा म्हणाले, आमच्याकडून फक्त बैलगाडी होती. समोरच्या काकू म्हणाल्या, आमच्या सासूबाई पाणी पाजायला जायच्या हो, खणायला नाही. अख्ख्या गावात दुष्काळी कामावर गेलेलं घर नाही. मग तो बांध काय भुतांनी घातला? मला त्यांचा इतका राग आला की दोन घरचा चहा सोडून आले. राग आला कारण ज्यांनी टाच मारली ते कमानीवर चढून बसले, आणि ज्यांनी टाच सोसली त्यांची नातवंडं तोंड लपवतात. गरिबीची लाज गरिबाच्याच गळ्यात बांधायची, आणि मग भिंतीवर त्याला कोरी साडी नेसवून हसायला लावायचं.

आखाजीच्या सकाळी आईनं वडिलांची घागर भरली, त्यांचं नाव घेतलं. मग लहान घागर उचलली. या वेळी मीच ती घेतली, कारण तळातली वाट आता यंत्रानं उकरलेली होती. आई माझ्या खांद्याला धरून चालत होती. बांध उतरलो आणि ती थांबली.

चहूबाजूंनी गाळ गेला होता आणि मधोमध खुंट उभा होता, गुडघाभर नाही, माझ्या छातीएवढा. ड्रायव्हरनं शब्द पाळला होता. इतकी वर्षं गाळात दडलेलं खुंटाचं अंग पहिल्यांदाच उघडं पडलं होतं आणि त्यावर टिकावाचे वण दिसत होते. एका बाजूचे सरळ, दुसऱ्या बाजूचे तिरपे. आई डावरी आहे. तिनं तिरप्या वणांवरून हात फिरवला. "हाई मन्हं," ती म्हणाली. मग वळसा घालून पलीकडे गेली आणि सरळ वणांवर तळवा टेकून उभी राहिली. "आनि हाई तिन्हं."

वर तिचा हात पोचत नव्हता म्हणून पाणी मी ओतलं. हराळीत ते जिरलं, थोडं वणांवरून खाली ओघळलं. आई म्हणाली, "पी वं साक्रीवाली." मग मला म्हणाली, "बठ्ठं खंदी टाकं, पन खुंट ऱ्हाऊ दिधा. दख, लोके इतला वाईट नही शेतस." परत येताना ती माझा खांदा न धरता चालली. वाटेत भाऊ भेटला, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि दुपारी त्याच्या घरी सांजोऱ्या पाठवल्या. आबाच्या घरी आमच्या घरून काही गेल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटी गाठायला निघाले. वाट बांधावरूनच जाते. खाली खुंटापाशी माणसं दिसली. भाऊ होता, आणि टेप घेऊन आलेले साहेब. एकानं टेपचं टोक खुंटाच्या पायथ्याशी धरलं, साहेबांनी दुसरं डोक्यावर नेलं. हराळीवर. गवत बाजूलाही केलं नाही. आकडा लिहिला. मग भाऊनं हात हलवला आणि जेसीबी पुढे आला.

मी बांधावरून ओरडले. यंत्राच्या आवाजात काय ऐकू जाणार? पिशवी तिथेच टाकून खाली उतरले. मी पोचेपर्यंत बकेटनं खुंटाला एक ढुशी दिली होती. एवढी वर्षं पाण्यात उभा राहिलेला खुंट, एका ढुशीत आडवा झाला आणि मुरूम सगळीकडे पसरला.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं. दम लागला होता, सगळी धार लावलेली वाक्यं विसरले होते.

भाऊला खरंच नवल वाटलं. "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून तर ठेवला होता. आणि बघा, मापाला किती कामी आला. आता माप झालं. माप झाल्यावर खुंट काढावाच लागतो, नियमच आहे तो."

"पण यातला गुडघाभर तर आधीच वर होता," मी म्हटलं. "तुमचं मशीन आलं तेव्हा होता. तेवढं तुम्ही खणलेलंच नाही. ते माझ्या आईनं खणलंय, तिच्या जोडीदारणीनं खणलंय. तिचा जीव गेलाय त्यात. ते तुमच्या बिलात कसं?"

साहेबांनी वही मिटली आणि आपली गाडी कुठे लावली आहे ते शोधू लागले. भाऊ हसला, वाईट हसला असंही नाही, लहान मुलाची समजूत घालावी तसा. "माती ती मातीच, ताई. जुनी कोणती, नवी कोणती, कोण सांगणार? तलाव तर आपल्या गावाचाच ना?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. त्यानं काही फरक पडला नाही. मी पायाशी पडलेला मुरमाचा एक तुकडा उचलला, त्यावर वण आहे का बघितलं. नव्हता. टाकून दिला.

एसटी गेली होती. मी घरी परतले. आई ओट्यावर बसून धुतलेली लहान घागर उन्हात वाळवत होती, पुढच्या वर्षी नवी आणायची तरी ती जुनी फेकत नाही. मला परत आलेलं बघून तिनं काय ते ओळखलं असावं. मी सांगितलं. खुंट पाडला, आई. आधी माप घेतलं, मग पाडला. भाऊच्या नावावर चढलं.

मला वाटलं रडेल, किंवा सांजोऱ्या पाठवल्या म्हणून स्वतःला बोल लावेल. तिनं फक्त विचारलं, "टाच मारी का त्यानी?"

"नाही," मी म्हटलं. "टाच नाही मारली. पुरं धरलं. वरच्या गवतासकट."

आईनं घागर उचलून मांडीवर घेतली. घागरीच्या काठावरून ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तवय जर इतलं माप धरतात, ते ती मन्हासंगे सावलीमा बसती."